सासऱ्यांच्या नावाचा ठोकळा

बेर्मेतला एका जागी बसवत नाही. शनिवारी नारिन गावच्या वाचनालयात, मागच्या खोलीत आम्ही बायका कॉम्प्युटर घेऊन जमतो, तेव्हाही ती अर्धा वेळ खिडकीशी उभी असते. सुनेला घरून बोलावणं कधी येईल याचा नेम नाही. पण तिच्याइतके नेमके शब्द आमच्यात कुणालाच सुचत नाहीत.

मुलांसाठी एक फुकटचा प्रोग्राम आहे. हुकमांचे ठोकळे एकाखाली एक लावले की पडद्यावरचं मांजर चालतं, उड्या मारतं. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला जमेल त्यानं हात लावावा, आणि कोणता शब्द कुणी लिहिला ते नावासकट साऱ्या जगाला दिसतं. त्याचं किर्गिझ भाषांतर आम्ही केलं, त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या बेर्मेतनं.

ते राजधानीतल्या, बिश्केकच्या मेलिसनं तपासलं आणि सगळ्यांना दिसेल असं खाली लिहिलं, ‘थांबण्याच्या ठोकळ्यावर “तुर”? ही बाई किर्गिझ शिकली कुठे?’

मुद्दा खोटा नव्हता, म्हणून तर जास्त झोंबला. ‘तुर’ म्हणजे उभा राहा, पण ‘ऊठ’सुद्धा तेच. आमच्याच शाळेत पोरांनी झोपलेल्या मांजराला तो ठोकळा लावला आणि ते उठेना म्हणून गोंधळ घातला. सरळ शब्द आहे ‘तोक्तो’, म्हणजे थांब. शेंबडं पोरही सांगेल. त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत तो बदलला नाही, तर आमचं किर्गिझ या खेपेला शाळांत जाणार नव्हतं, आणि पुढचं काम मेलिसची मंडळी घेणार होती. बेर्मेतचं एवढं वर्ष पाण्यात.

“अगं, एक तर शब्द आहे. लिहून टाक,” मी म्हणाले.

“नाही लिहवत, रोझा एजे.” मी वयानं मोठी, म्हणून ती मला एजे, म्हणजे ताई म्हणते.

“का? हात मोडलाय?”

ती खिडकीबाहेरच बघत राहिली. “आमच्या सासऱ्यांचं नाव काय?”

तोक्तोसुन, आठवलं मला. सासरच्या मोठ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, नावाशी मिळता शब्दही फिरवून बोलायचा. माझ्या आईच्या चुलतसासऱ्यांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड, म्हणून आईनं जन्मभर लोखंडाला ‘ते काळं’ म्हटलं. मला वाटलं होतं, हे सगळं तिच्याबरोबरच गेलं.

माझं डोकंच फिरलं. “कोण बंदी घालतं तुला? मी येते आणि बोलते त्यांच्याशी.”

“कुणीच घालत नाही. जीभच वळत नाही, एजे. बोटंसुद्धा नाही वळत.”

मग तिनं मेलिसच्या शेऱ्याखाली खरं कारण लिहिलं. मी म्हटलं, झालं, आता हसं होणार. पण तलासहून आसिल्कान नावाच्या एका सुनेचं उत्तर आलं, ‘माझं “झिल्दिझ”पाशी अडलंय. चांदणी काढायचा ठोकळा आहे आणि तेच सासूबाईंचं नाव. तू माझी चांदणी घे, मी तुझं थांबणं घेते.’

अदलाबदल झाली. आसिल्काननं ‘तोक्तो’ लिहिलं. मला इतका आनंद झाला की मी बेर्मेतबरोबर तिच्या घरीच गेले. तिचं लक्ष मात्र कुठेच नव्हतं. आमच्याकडे चहा वाटीच्या तळाशी थोडा थोडा ओततात, भरली वाटी दिली म्हणजे पाहुण्यानं उठावं. तिनं माझी वाटी काठोकाठ भरली.

“जाऊ का मग?” मी म्हटलं. तिला कळलंच नाही.

तेवढ्यात तिचे सासरे येऊन बसले. चष्मा चढवून बेर्मेतच्या कॉम्प्युटरचा पडदा बघू लागले. “या ठोकळ्यावर काय लिहिलंय?”

बेर्मेतनं मान खाली घातली. मीच म्हणाले, “तोक्तो. तुमचंच नाव.”

“हिनं लिहिलं?”

“छे. तलासच्या सुनेनं. ही कशी घेईल तुमचं नाव?”

मला वाटलं, म्हातारा खूश होईल. त्यांनी वाटी बाजूला सारली. “म्हणजे माझं नाव सगळ्या शाळांतून जाणार, आणि लिहिणारी परक्या घरची.”

“अता, तुमचा मान म्हणून...” बेर्मेत पुटपुटली. अता म्हणजे बाबा.

“माझ्या आधीची भावंडं गेली. हा तरी थांबू दे म्हणून आईनं हे नाव ठेवलं. आई गेल्यापासून या घरात ते कुणाच्या तोंडी नाही. बायको ‘म्हातारा’ म्हणते, नातवंडं ‘आजोबा’, तू ‘अता’. मान घेऊन काय करू मी?” ते उठले आणि गाय बांधायला गोठ्यात गेले.

उन्हं उतरत आली होती. बेर्मेत दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दाराशी गेली. मग बसली, आसिल्कानचा शब्द पुसला आणि एकेक अक्षर दाबत तोच शब्द पुन्हा लिहिला. खाली तिचं नाव उमटलं. आसिल्कानला तिनं कळवलं, ‘माझं मी घेतलं. तुझी चांदणी आहे माझ्याकडे, हवी तेव्हा माग.’

तिचे कान लाल झाले होते. “एजे, बरोबर आलंय का ते वाचा. मला नाही वाचवत मोठ्यानं.”

“मी नाही वाचणार. तूच वाच.”

ती पडद्याकडे वळली. मग ओठातल्या ओठात म्हणाली, “तोक्तो.”

“आवाज गोठ्यापर्यंत जायला हवा,” मी म्हटलं.

ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा जोरात.

“आलो, आलो,” गोठ्यातून सासरे म्हणाले.