बिलिंग काउंटरवरचं माहेर

हल्ली दुकानात साधं बनियन घ्यायला गेलं तरी आधी मोबाइल नंबर मागतात. नंबर दिला की जन्मतारीख, जन्मतारीख दिली की लग्नाची तारीख. सातपूरच्या कारखान्यात अख्खी नोकरी काढली, पण तिथेही कुणी माझी एवढी चौकशी केली नाही. म्हणून काउंटरवर कुणी 'कार्ड' म्हटलं की मी 'नको' म्हणून मोकळा होतो. बायकोचं तसं नाही. ती समोरच्याला आधी गाव विचारते.

मध्यंतरी कॉलेज रोडच्या एका चकचकीत दुकानात जावयासाठी शर्ट घेतला. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅम, आमचं क्रेडिट कार्ड घेऊन टाका ना. आजच्या बिलावर दहा टक्के ऑफ, आणि कार्ड एकदम फ्री." फुकटचं भजं पिंजऱ्यातच टांगलेलं असतं, पण हे सांगायला उंदीर परत येत नाही. मी 'नको' म्हणणार, तोवर बायकोने विचारलंच, "कुठली गं तू?"

"दिंडोरी साइडची, मॅम."

मग गाव निघालं, आणि तेही नेमकं हिच्याच माहेरचं. झालं! माहेरची पोर म्हटल्यावर हिचा हात पर्समधल्या आधार कार्डाकडे गेला. मी खोकलो, कोपराने ढोसलं, शेवटी सरळ सांगितलं, "आम्हाला काही नकोय."

"तुम्ही गप्प बसा हो. पोरीला टार्गेट असतं."

टार्गेट पोरीचं आणि हप्ते माझ्या पेन्शनीतून! असा संताप आला, की शर्ट तिथेच टाकून निघावंसं वाटलं.

पोरीने मागे उभ्या असलेल्या टायवाल्या साहेबाकडे एकदा पाहिलं. मग पिशवीत शर्ट भरायच्या निमित्ताने वाकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, नका घेऊ. आज फ्री हाय, पण एक हप्ता चुकला की लय कापून घेतात." लगेच साहेबाला ऐकू जाईल अशा आवाजात, "ओके मॅम, नेक्स्ट टाइम!"

बायको माझ्याकडे बघून अशी हसली, जणू बँक हिनेच बुडवली.

आमच्या मागच्या बाईंनी ती कुजबुज सोडून बाकी सगळं ऐकलं होतं. पुढे सरकत त्या कौतुकाने म्हणाल्या, "मी सिन्नरची हं!"

"अरे वा, मॅम!" पोरगी तितकंच गोड हसली. "आधार कार्ड आणलंय ना?"