ब्राउनचं पुस्तक

पीएच.डी.ला विषय एक असतो, किस्से मात्र ढीगभर साठतात. बंगळुरातले आमचे बहुतेक किस्से एका फुकट वेबसाइटनं दिले. नव्वदचं दशक संपत आलेलं. राजाजीनगरच्या सायबर कॅफेत बसून पुस्तकांची नावं भरली की ती साइट संदर्भसूची तयार करून द्यायची. आम्हाला स्वर्ग हाताला लागला!

फक्त दोन खोडी होत्या. प्रकाशनाचं गाव रिकामं सोडलं की ती आपणहून 'लंडन' टाकायची. आणि नमुन्यादाखल दिलेलं कुणा ब्राउनचं काल्पनिक पुस्तक प्रत्येकाच्या यादीत गुपचूप घुसवायची.

*

नागपूरच्या वैदेहीचा प्रबंध पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांवर. तिथल्या लेथवाल्या शिंदेअण्णांची मुलाखत तिनं यादीत घातली. छापून आलं, 'शिंदे, लंडन'. ती ओशाळून दुरुस्त करायला निघाली, तर अण्णांनी कागदच काढून घेतला.

"खोडू नका हो. स्वल्प थांबा, घरात दाखवून येतो."

*

आमचे गाईड प्रबंध शेवटच्या पानापासून वाचायचे आणि बहुधा तिथेच थांबायचे. माझी यादी पाहून म्हणाले, "ब्राउन घेतलास, बरं केलंस. त्याच्याशिवाय काम कच्चं राहतं."

*

एका ज्युनिअरनं ब्राउन लायब्ररीत मागितला. सरोजाअक्कांनी तीन आठवडे कपाटं उपसली, पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी आमच्या बोर्डावर नोटीस लागली : 'ब्राउन कुणीतरी नेला आहे. मुकाट्यानं परत करावा.'

*

वैदेहीला नागपुरात लेक्चररची नोकरी मिळाली होती, पण डिग्री हातात आली तरच. आणि व्हायवाच्या आदल्या दिवशी तिला आपल्या यादीत ब्राउन दिसला. प्रती बांधून कधीच गेल्या होत्या. मला तिची फार काळजी वाटली. ती म्हणाली, "विचारलं तर खरं सांगेन."

पुण्याहून आलेल्या परीक्षकांचं बोट यादीवरून सरकत नेमकं तिथेच थांबलं.

"हे तुम्ही वाचलंत?"

"नाही सर. असं पुस्तकच नाहीये. साइटनं आपणहून घातलं, माझं लक्ष गेलं नाही."

आमचे गाईड पंख्याकडे बघू लागले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग रिपोर्ट ओढून सही केली, पेनाला टोपण लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"हे बाहेर बोलू नका. माझ्या पुस्तकात मी त्याच्या सत्तेचाळिसाव्या पानाचा दोनदा हवाला दिलाय."