कासरा कुणी ओढला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. गंमत बघा, बोलणं हाच माझा धंदा. लग्न असो, सप्ताह असो, प्रचाराची सभा असो, आमच्या भागात माईक कुणाच्या हातात द्यायचा म्हटलं की मलाच फोन येतो. दिवसभर बोललो तरी माझा घसा बसत नाही. आणि एवढी एक गोष्ट — ती मात्र ओठावर येते आणि परत फिरते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. समोर बसला असता तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठली आणि आमच्याकडे गावोगाव शंकरपट पुन्हा भरायला लागले. बैलजोडी, हलकासा छकडा, त्यावर ओणवा झालेला धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. जोड्या एकेक करून सुटतात आणि निकाल घड्याळावर लागतो. लांब उभ्या असलेल्या माणसाला धुळीत काय कळणार? ते सांगायला मी. पण नुसतं सांगितलेलं कोण ऐकतं हो? मी धुरकऱ्यांची सालटं काढायला लागलो. कुणाचा छकडा तिरका गेला की, "पाव्हणा पटावर आलाय का सासुरवाडीला निघालाय?" कुणी उशिरा सुटला की, "आरं उठवा त्याला, च्या पाजा." माणसं पोट धरून हसायची. पुढे पुढे तर जोडी कुणाची आहे यापेक्षा मी काय बोलतो हे ऐकायला गर्दी व्हायला लागली, आणि मला ते आवडायला लागलं. मी स्वतः कधी छकड्यावर चढलोय का? एकदाही नाही. मला भीती वाटते. पण ती कबुली लहान आहे, आज तिच्यासाठी बसलेलो नाही.

दिगंबर माझ्या वर्गातला. आमच्या शेतांचा बांध एक. इतर धुरकरी शेपटी पिळतात, दाताने चावतात, लपवून आणलेली टोकदार लोखंडी आर टोचतात. मी मंचावरून सगळं बघतो. दिगंबर यातलं काहीच करत नव्हता. तो बैलांशी बोलायचा. सिरसाळ्याकडचे एक बागायतदार होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांची पाखऱ्या-हरण्याची जोडी त्याने तशीच तयार केली होती. पळवायचं तर जिभेची चटचट, थांबवायचं तर छातीतून निघालेलं एक "हो". बस्स. कासरा हातात असायचा तो नावाला. तात्या पाहुण्यांना गंमत दाखवायचे. जोडी भरधाव सोडायची आणि दिगंबरने बांधावरून "हो" म्हणायचं. जोडी जागच्या जागी उभी. एकदा त्याच्याबरोबर गोठ्यावर गेलो होतो, तेव्हा मीही म्हणून बघितलं. माझ्या "हो"वरही थांबली. दिगंबर केवढा हसला होता. म्हणाला, "आपल्या गावचा घसा हाय, वळखतेत."

हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे मी हळूच स्वतःला सोडवून घेईन. मला माझी सवय माहीत आहे.

तो पट नेकनूरच्या पुढे एका माळावर होता. तात्यांनी दिगंबरला शब्द दिला होता, फायनल काढलीस तर वर्षभर जोडीपाशीच राहायचं, दुसरं काही करायचं नाही. म्हणजे त्या वर्षी ऊसतोडीला जाणं टळणार होतं. त्याची बायको सुनीता मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायची. तिची मान दुखावली होती, रात्री कुशीवर वळता यायचं नाही. पटाच्या सकाळी दिगंबर मला म्हणाला, "यंदा कोयता माळ्यावर टाकतो बघ." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. खोटी नव्हती ती थाप. एवढं तरी मला म्हणू द्या — नको, राहू दे. काय उपयोग आहे त्या थापेचा?

फायनलला त्याची जोडी शेवटी सुटली. आधीच्या सगळ्या जोड्यांना आरडाओरडा, डबे, शिट्ट्या. दिगंबरची जोडी सुटली की माणसं गप्प व्हायची, त्याचं बोलणं ऐकायला. मीच ती सवय लावली होती. "आता कुणी बोलायचं न्हाई," असं मीच सांगायचो. जोडी निम्म्याच्या पुढे आली तेव्हाच दिसत होतं की नंबर त्याचा आहे. तेवढ्यात मागून कमिटीतल्या एकाने माझ्या कानाशी तोंड आणलं. बक्षीस द्यायला बोलावलेल्या साहेबांची गाडी आली होती. साहेबांचं नाव घेणार ना, असं काहीतरी त्याने विचारलं.

मी म्हणालो, "हो... हो."

माईक तोंडाशीच होता. आणि कर्णा बांधला होता शेवटच्या निशाणाशेजारच्या बाभळीला, जोडीच्या अगदी तोंडावर.

बैलांनी खूर रोवले. भर वेगात. छकडा आडवा झाला, दिगंबर जुवावर आपटला, आणि निशाण समोर हाताच्या अंतरावर असताना जोडी उभी राहिली. शहाण्या लेकरांसारखी उभी. कुणीतरी सांगितलं, म्हणून थांबलेली.

मला केव्हा कळलं, असं विचाराल. तेव्हाच कळलं. नंतर घरी जाऊन, विचार करून वगैरे नाही. खुरांची धूळ खाली बसायच्या आत कळलं होतं. हजारो माणसं आ वासून बघत होती, तात्या खुर्चीवरून उठले होते, आणि काय झालं हे सांगायचं काम माझं होतं. एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी झाली, जोडी पुन्हा पळवा. कमिटीने ऐकलं असतं. लोक मला चार शिव्या घालून हसले असते. त्या हसण्याचीच मला भीती वाटली. ज्याने जन्मभर माणसांना दुसऱ्यांवर हसवलंय, त्याला स्वतःवरचं हसू पेलत नाही. माझी जीभ सुटली.

"कासरा ओढला! दिगंबरनं कासरा ओढला! हातातोंडाशी आलेला घास — कुणाची सुपारी घेतली बे दिगंबर?"

सुपारी. हा शब्द मला कुठून सुचला? कुणी विचारलं नव्हतं. दिगंबरची चूक झाली म्हणालो असतो तरी माझं भागलं असतं. पण नुसत्या चुकीवर माणसं पुढे प्रश्न विचारतात, सुपारीवर विचारत नाहीत. तिथे सगळ्यांना आधीच सगळं कळलेलं असतं.

दिगंबर उठला. कपाळ फुटलं होतं. तो बैलांकडे गेला, दोघांच्या पायांवरून हात फिरवला, आणि मग गर्दीकडे तोंड करून ओरडला, "हो कोण म्हणलं? मपले बैल उगं थांबत न्हाईत. हो कोण म्हणलं?" मी माईकवर म्हणालो, "आता ह्याला आवाजबी ऐकू यायलेत!" सगळा माळ हसला. त्यांचे डोळे जोडीवर होते, कर्ण्यातून फाटून गेलेला तो 'हो' कुणाच्या ध्यानात राहिला नव्हता, आणि दिगंबरनेही तो आवाज ओळखला नव्हता. ज्याने मला प्रश्न विचारला होता तो हारांच्या गडबडीत होता, त्याच्या काही ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल. तोही कधी बोलला नाही. मग मी आणखी एक ठेवून दिली, "हा धुरकरी न्हाई, ब्रेक हाय ब्रेक!" कुणीतरी मोबाइलवर ते घेतलं आणि संध्याकाळपर्यंत परळीपासून बीडपर्यंत पोचलं. दिगंबरचं नाव ब्रेक पडलं. आजही त्याला तेच म्हणतात.

तात्यांनी तिथल्या तिथे जोडी दुसऱ्याच्या हातात दिली. दुसऱ्या कुणी दिगंबरला छकड्याजवळ फिरकू दिलं नाही. दसरा झाला आणि तो सुनीताला घेऊन कारखान्याच्या ट्रकात बसून गेला. मी रस्त्यावर उभा होतो. तिने मानेला टॉवेल गुंडाळला होता.

पुढच्या वर्षीच्या पटांआधी दिगंबर माझ्या घरी आला होता. त्याला वाटलं, मी त्या दिवशी भरात बोलून गेलो. राग धरला नव्हता त्याने. एवढंच म्हणाला, "तू मालक लोकांना सांग, मी फितूर न्हाई. तुझं ऐकतेत." मी म्हणालो, सांगतो. त्याला जेवू घातलं. नंतर कितीतरी मालक भेटले मला, शेजारी बसून जेवलो त्यांच्या, आणि एकालाही अवाक्षर बोललो नाही. कारण मालक विचारणार, मग जोडी थांबली कशाने?

मध्यंतरी सिरसाळ्याच्या बाजारात तो पुन्हा भेटला. हॉटेलात चहा घेतला. धर्मापुरीच्या एका पटाला मी चाललो होतो, तर तो आपणहून त्या दिवसाचं काढून बसला. पूर्वी तो प्रत्येकाला सांगायचा, आवाज आला होता, मी ऐकलाय. त्या दिवशी तसं म्हणाला नाही. आपले दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

"ओढला असंल बाबा मीच," तो म्हणाला. "जिंकायच्या घाईत हाताला कळलं नसंल. एवढी माणसं म्हणतेत, ती काय खोटं बोलतेत?"

त्याला सांगायला ती वेळ होती. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. मी कप खाली ठेवला, आणि त्याला म्हणालो, "होतं असं कधी कधी, दिगंबर. मनावर घेऊ नको."

त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं आलं. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. उठताना माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "तू समजून घेतलं, लई झालं."