मेंढवाड्यावरचा जिज्ञासू

जिज्ञासा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. शेजारी कोण पाहुणे आले हे जाणण्याची उत्सुकता आपल्या लेखी जिज्ञासा असते, आणि प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी भरसभेत विचारलेला प्रश्नही त्याच नावाने खपून जातो. आपल्या शास्त्रकारांनी संभाषणाच्या या जाती फार पूर्वी वेगळ्या करून ठेवल्या आहेत. तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकावे म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे केवळ मोडावे म्हणून होते ती वितंडा. पढलेल्यांच्या सभांत जल्प आणि वितंडा उदंड ऐकू येतात. शुद्ध वाद क्वचित कानी पडतो. ज्याला खरोखर विचारायचे आहे त्याला आधी स्वतःचे अज्ञान चारचौघांत मान्य करावे लागते, आणि उत्तर मिळाल्यावर पटले तेवढे घेऊन उरलेले निर्वैर मनाने परत करावे लागते. असे करू शकणारा एक पुरुष आमच्या बीड जिल्ह्यात होऊन गेला. त्याला अक्षरओळख नव्हती.

सटवाबा धनगर हे त्यांचे नाव. वडवणीच्या उगवतीला एका माळावर धनगरांची आठ-दहा खोपटी होती, त्यांतले एक त्यांचे. घरात पत्नी कडूबाई आणि लेक सत्यभामा. पदरी साठ-सत्तर मेंढ्या. सुगी उलगडली, की काळ्या रानांत मेंढ्या बसवायच्या आणि लेंडीखत देत एका शिवारातून दुसऱ्या शिवारात सरकायचे, हा त्यांचा वार्षिक क्रम. या भटकंतीत जो भेटेल त्याला ते प्रश्न विचारीत. जंगमाला विचारीत, लिंग गळ्यात बांधले म्हणजे देवळात जायची गरज उरते का? मशिदीतल्या मुल्लाला विचारीत, देव सगळीकडे असेल तर तोंड पश्चिमेलाच का? प्रश्नाच्या सुरात उपहास नसल्यामुळे कोणी रागावत नसे. फार तर दमून जाई. वस्तीवर थट्टा होई, "सटवा आला रं, उत्तरं नसतील तर दुसऱ्या वाटंनं जावा!"

फसली तेराशे एकोणतीसच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशे वीसच्या, माघातली गोष्ट. निजामी राज्याच्या त्या खडबडीत रस्त्यावरून हैदराबादेकडून अहमदनगरला निघालेली एक बैलगाडी वडवणीजवळच्या ओढ्यात कलंडली. गाडीतला एक इराणी प्रवासी खाली पडला आणि त्याचा घोटा निखळला. बाकीच्यांना घाई होती. ते त्याला काठावर बसवून पुढे गेले. मेंढ्या पाण्यावर आणलेल्या सटवाबांनी त्याला पाठीवर घेतले, वस्तीवर आणले, आणि मेंढीचा पाय बांधतात तशाच बांबूच्या कांबींनी त्याचा पाय बांधला. त्या गृहस्थाचे नाव खुदादाद. पुण्यात आठ-दहा वर्षे काढल्यामुळे तो मराठी बरी बोले. पाय पुरता बरा व्हायला महिना-सव्वा महिना लागणार होता.

म्हणजे सटवाबांच्या प्रश्नांना महिना-सव्वा महिना मिळाला.

"पाव्हणं, तुमी मुसलमान का?"

"नाही, सटवाभाऊ."

"मंग पारशी?"

"आजोबा पारशी होते. मी बहाई आहे."

"म्हंजी आज्याचा देव टाकला?"

"टाकला नाही. आजोबांचा पैगंबर खरा, मुसलमानांचा खरा, येशू खरा, तुमचा कृष्णही खरा. देव एक आहे. तो युगायुगाला माणसांसाठी शिकवणारा पाठवतो. या युगासाठी बहाउल्लाह आले, असे आम्ही मानतो."

"त्यांला लोकांनी मानलं?"

"तुरुंगात टाकलं. देशाबाहेर काढलं. कैदेतच म्हातारे झाले."

सटवाबा म्हणाले, "मंग खरे असतील. खोट्याला कोन एवढं भेतंय? पर मला सांगा, देवानं एकाच बारीला समदं कावून न्हाई सांगितलं? इसरला व्हता का?"

खुदादाद हसला. "तुमचं कोकरू जन्मल्या दिवशी कडबा खातं का?"

"न्हाई."

"मग माणसालाही पेलेल तेवढंच."

सटवाबांनी मान डोलावली. पण चार पावले गेल्यावर ते परत फिरले. "पाव्हणं, कोकरू गवताला लागलं तरी माय तीच ऱ्हाती. तुमी माय बदलायला सांगता का?"

दुसऱ्या दिवशी मेंढ्या सुटायच्या वेळी खुदादादने आपणहून विषय काढला. "माय बदला असं माझं म्हणणं नाही. ज्यानं माय दिली त्याला ओळखा, इतकंच."

"हे पटलं," सटवाबा म्हणाले, आणि कळप घेऊन निघून गेले.

असे ते प्रश्न चालत. तुमचा शिकवणारा शेवटचा का? नाही, हजार वर्षांनी किंवा त्यानंतर आणखी येईल. मग तो आल्यावर तुमची माणसे त्याला तुरुंगात टाकणार नाहीत कशावरून? "हीच भीती आम्हालाही घालून दिली आहे," असे खुदादादचे उत्तर. तुमच्यात पुजारी नाही, तर भांडण मिटवते कोण? गावातली माणसे निवडून नऊजण बसतात. इथे चुलीपाशी बसलेल्या कडूबाईंनी भाकरी थापता थापता विचारले, "त्या नऊत बाई बसवत्यात का?"

"बाई आणि पुरुष सारखे, अशी आमची शिकवण आहे."

"शिकवन ऱ्हाऊ द्या. बसवत्यात का?"

खुदादादने खाली पाहिले. "आमच्या इराणात अजून नाही."

"मंग आमच्यावानीच की!" म्हणून कडूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

एकदा सटवाबा म्हणाले, "आमचा बिरोबा माझ्या मेंढरांला येकयेक करून वळखतो. तुमचा देव वळखतो का?" खुदादाद म्हणाला, "ओळखत असावा. पण मी सांगू शकत नाही." पुढे आयुष्यभर सटवाबा या उत्तराची तारीफ करीत. जाणता माणूस 'ठाऊक नाही' म्हणाला, हे त्यांना सर्व उत्तरांत मोठे वाटले.

परंतु एवढे विचारणाऱ्या या माणसाने एक प्रश्न विचारला नाही, आणि सगळे पुढचे त्यातून घडले.

फाल्गुन लागला, पाय जमिनीवर टेकू लागला, आणि एका सकाळी खुदादादने न्याहारीची भाकरी हळूच बाजूला सारली. दुपारीही घेतली नाही. पाणीसुद्धा घेतले नाही. सूर्य बुडाल्यावर जेवला. दुसऱ्या दिवशी तेच. त्या वस्तीचा एक दंडक होता: दारी आलेला पाहुणा खाईपर्यंत घरधन्याने घास घ्यायचा नाही, आणि पाहुणा का खात नाही हे त्याला विचारायचे नाही, विचारणे म्हणजे त्याच्या पोटाचा हिशेब मागणे. सटवाबांनी विचारले नाही. तेही उपाशी राहिले, निर्जळी, आणि तेही फाल्गुनाच्या उन्हात कळपामागे चालत. खुदादादची समजूत अशी, की सटवाभाऊ रानात भाकरी खातच असतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिमगा आला. पुरणपोळ्या झाल्या. पाहुणा सूर्याकडे पाहत बसला, सटवाबा पाहुण्याकडे पाहत बसले, आणि पोळ्या गार झाल्या.

सातव्या दिवशी कडूबाईंनी कंबरेवर हात ठेवला. "पाव्हणं, राग नका मानू. तुमचं काय बरत-उपास हाय ते हाय, पर तुमच्या पायी माझं मानूस वाळून चाललंय!"

खुदादाद चकित झाला, मग ओशाळला. वर्षाच्या अखेरचे एकोणीस दिवस बहाई लोक उपवास करतात, आजाऱ्याला आणि वाटसरूला मोकळीक असते, पण आपण आता बरे झालो आणि एका जागी आहोत म्हणून धरला, असे त्याने सांगितले. "सटवाभाऊ, तुम्हाला हे बंधन नाही. कृपा करा, जेवा."

"सात झाले," सटवाबा म्हणाले. "आता बारा काय जड हायेत? पाहुना येकटा उपाशी बसवून मी गिळू? ते आमच्यात न्हाई."

ते व्रत त्यांचे नव्हते, ते केवळ सोबतीला चालले. उपवास सुटला त्या दिवशी त्या वर्षी आपला पाडवा होता आणि खुदादादचे नवे वर्षही त्याच दिवशी उगवले. दोघांनी मिळून आधी कडुनिंबाचा पाला खाल्ला, मग गोड खाल्ले. दोन दिवसांनी वडवणीहून निघणाऱ्या एका गाडीत खुदादादला बसवून दिले.

इकडे बोभाटा झालाच होता. वस्तीवरच्या म्हाळूने बाजाराच्या दिवशी सटवाबांना गूळ-पाणी पुढे केले होते आणि त्यांनी ते नाकारले होते. "रमजानला अजून अडीच महिने, अन् ह्येचे रोजे आधीच सुरू!" असे म्हाळूने चार गावांत सांगितले. सटवा बाटला, इराण्याने काही खायला घालून भुलवला, अशी वार्ता पसरली. जातीचा पंच बसला. पंचांचे मुख्य तात्याबा. सत्यभामेची सोयरीक त्यांच्याच मुलाशी ठरली होती, आणि वैशाखातला मुहूर्त धरला होता. त्यामुळे वाळीत टाकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

बिरोबाच्या देवळापुढे सारे जमले. म्हाळूनेच सुरुवात केली. "काय बे सटवा, आता नमाज कवा शिकतोस?"

"त्यो नमाज पढत नव्हता. त्येची प्रार्थना येगळी व्हती. मी इचारलंतं."

"इचारलंस ना? तितंच घोटाळा झाला!"

माणसे हसली. तात्याबांनी हात वर केला. "सटवा, उपास केलास का न्हाई?"

"केला."

"कावून?"

"पाहुना उपाशी व्हता. घास कसा घ्यावा? तुमी घेतला असता का, तात्याबा?"

तात्याबांनीही घेतला नसता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ. कुनाला काई वाढवायचं न्हाई. भंडारा उचल, अन् म्हन: त्यो मानूस ढोंगी, त्येचा धरम खोटा, त्येनं मला भुलवलं. बस. त्यो तर गेला. त्येला ऐकू बी यायचं न्हाई."

देवाच्या हळदीची ताटली पुढे आली. आमच्या धनगर समाजात भंडारा उचलणे म्हणजे वादाचा अंत. हातात भंडारा घेऊन माणूस जे बोलला ते देवाच्या साक्षीने बोलला. त्यानंतर त्याला त्या बाबतीत प्रश्न करायचा नाही. बायकांच्या घोळक्यात सत्यभामा आईमागे उभी होती. पुढे अनेक वर्षांनी ती सांगत असे, की त्या वेळी बाबाने एकदा आपल्याकडे पाहिले आणि आपण मान हलवली. होकाराची की नकाराची, हे तिला स्वतःलाही कळले नव्हते.

सटवाबांनी दोन्ही मुठी भरून भंडारा उचलला.

"बिरोबाच्या साक्षीनं सांगतो. त्यो मानूस सव्वा महिना माझ्या वाड्यावर ऱ्हायला. खोटं बोलला न्हाई. माझ्या लेकीबाळीकडं वाकडं पायलं न्हाई. मी इचारलं त्येचं त्येला ठावं व्हतं तेवढं सांगितलं, ठावं नव्हतं तितं 'ठावं न्हाई' म्हनला. त्येनं मला काई सोडायला सांगितलं न्हाई. मी बिरोबाचा व्हतो, बिरोबाचा हाय. आता ऱ्हायला त्येचा धरम. खरा का खोटा हे मला ठावं न्हाई. माझं इचारायचं अजून लई बाकी हाय. जे ठावं न्हाई त्येच्यावर भंडारा उचलनार न्हाई."

आणि त्यांनी मुठी आपल्या कपाळाला लावून भंडारा देवावर उधळला.

म्हाळू उसळला, "हे न्हाई चालनार! सांगितलं येक, बोलला दुसरंच!"

"गप," तात्याबा म्हणाले. "भंडारा उचलला. आता इचारायचं न्हाई. रीत तुझ्या बापाची का माझ्या?"

पंचांचा मुख्य म्हणून त्यांचे काम संपले होते. वराचा पिता म्हणून संपले नव्हते. सोयरीक मोडायला त्यांना पंचाच्या निकालाची गरज नव्हती, एक शब्द पुरेसा होता. ते उठले, ताटलीतली उरलेली हळद बोटावर घेतली आणि सटवाबांच्या कपाळी रेखली.

"सोयऱ्या," ते म्हणाले, "गेलेल्या मानसाबद्दल जो खोटं बोलंना, त्येच्या घरची पोर मला पायजे. पर येक सांग. तिला तर तुझ्यावानी इचारायची सवय न्हाई ना?"

"हाय की," सटवाबा म्हणाले. "माझ्याहून लई."

देवळापुढे जो हशा उठला त्यात म्हाळूही होता. वैशाखात लग्न झाले.

ज्या सभेत एका वाक्याच्या असत्याने सगळे सुरळीत झाले असते, आणि ज्याच्याविषयी ते बोलायचे तो कित्येक कोस दूर होता, तिथे एका मेंढपाळाने आपल्या ज्ञानाची सीमा कुठे संपते हे ओळखून तिथेच आपली शपथ थांबवली. पंडितांना ही सीमा सापडायला जन्म लागतो, आणि सापडल्यावरही भर सभेत तिच्यापाशी उभे राहण्याचे धैर्य होत नाही. आमच्या या कोरड्या माळांवर असा माणूस निपजला, याचा मला अभिमान वाटतो.

सटवाबा त्यानंतर वीस वर्षे जगले. खुदादाद पुन्हा या बाजूला आला नाही. सटवाबांचे चित्र नाही, समाधी नाही, मेंढ्या लेकीच्या घरी गेल्या. त्या वस्तीच्या पंचात मात्र त्या दिवसापासून दुसऱ्याच्या धर्माविषयी भंडारा उचलायला कोणाला सांगत नाहीत.