दार एकाच्या गल्लीत, नळ दुसऱ्याच्या

अकोल्याच्या महानगरपालिकेत व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. नळाच्या पिवळ्या पाण्याची बाटली तिने तान्ह्या पोरासारखी पदराखाली धरली होती. मधूनच ती बाटली काढायची, उजेडात धरायची आणि परत झाकायची.

"आमच्या प्रभागात चार नगरसेवक हायेत भाऊ," ती म्हणाली. "चौघायनं आपसात गल्ल्या वाटून घेतल्या. माहं घर कोपऱ्यावर. दार एकाच्या गल्लीत, नळ दुसऱ्याच्या. दारवाला म्हंते नळवाल्याकडे जा. नळवाला म्हंते तुमचं दार माह्याकडे नाही."

मला समजावून सांगायची वाईट खोड आहे. मी सुरू झालो. नगरसेवक महापौर निवडतात, स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, पण कारभार आयुक्तांच्या सहीने चालतो आणि आयुक्त सरकार पाठवतं.

"म्हंजे ज्यायले मी मत देलं त्यायची सही चालत नाही, अन् ज्याची चालते त्याले मी मत देलंच नाही?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

तेवढ्यात बाहेर पांढरी गाडी थांबली. घोळक्यातून कोणीतरी तरातरा आत गेलं. सगळा व्हरांडा उठून उभा राहिला, मीसुद्धा. बाई तेवढी बसून होती.

"कोन होते हे?"

"माहीत नाही."

"मंग तुमी उभे काहून राह्यले?"

मी पलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता.