परत द्यायचं राहिलेलं फ्रेंच

आमच्या घरात फ्रेंच आलं ते साखरपुड्याच्या सामानातून. साडी, अंगठी, पैंजण, मोबाईल आणि फ्रेंच व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक. मुलगा हिंगोलीचा, पण नोकरीला कॅनडात, आणि त्यातही अशा भागात जिथे दुकानांच्या पाट्यासुद्धा फ्रेंचमध्ये असतात. लग्न वर्षभराने करू, तोवर मुलीने भाषा शिकून परीक्षा द्यावी, असं त्याच्या घरच्यांनी सुचवलं. मोबाईलवरचा क्लासही त्यानेच तिकडून लावून दिला. बाबांनी मान डोलावली. त्यांना ते शिवणक्लाससारखं काहीतरी वाटलं असणार.

आमचं गाव सिद्धेश्वरच्या धरणाजवळ. थोडी शेती आणि बाकी सगळा कारभार शेळ्या-मेंढ्यांचा. मी हिंगोलीला बी.ए. केलं होतं, पण अभ्यास म्हणजे मोठ्याने पाठ करणं, ही शाळेतली सवय काही सुटली नव्हती. त्यामुळे संध्याकाळी शेळ्या आत बांधल्या की त्यांच्यासमोर येरझारा घालत मी क्रियापदं घोकायची. फ्रेंचमध्ये 'मी' बदलला की क्रियापद बदलतं, 'तू' आला की बदलतं, काळ बदलला की सगळी वरात पुन्हा पहिल्यापासून. करडं कान टवकारून ऐकायची. शेजारची बाई मायला विचारायची, "पोरगी काय म्हणून राहिली व्हो?" माय सांगायची, "कॅनडाचं हाय," आणि विषय संपायचा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला सगळं डोक्यावरून जात होतं. मग कधीतरी, का ते कळलं नाही, पण मला ते आवडायला लागलं. मुलाचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तेव्हा आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो. क्लासची मात्र मी दिवसभर वाट बघायची. यात काहीतरी उलटं आहे एवढं कळत होतं, पण उलटं नेमकं काय, ते सांगता आलं नसतं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण एका विचित्र रूपाचं होतं. सुब्जाँक्तिफ अँपार्फे. कोणीतरी यावं, बोलावं, असावं अशी कुणाची तरी इच्छा होती, किंवा भीती होती, आणि ती होऊन गेलेल्या काळातली होती, तर म्हणे हे रूप लागतं. आपलं मराठीत एका 'यावं'वर भागतं. त्यांच्याकडे त्याची सहा माणसांसाठी सहा रूपं. क्लासच्या मॅडम पुण्याच्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "ते प्रकरण सोडून द्या. परीक्षेत येत नाही. तिकडेसुद्धा आता हे कोणी बोलत नाही, जुन्या पुस्तकांतच सापडतं." मी आनंदाने सोडून दिलं.

दिवाळीनंतर साखरपुडा मोडला. कारण आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही, एवढाच निरोप मध्यस्थाकडून आला. माय दोन दिवस जेवली नाही. मी जेवत होते, आणि आपण जेवतोय याचीच मला लाज वाटत होती. रडू येत नव्हतं म्हणून मी मोरीत जाऊन उगीच तोंड धुऊन यायची.

आमच्याकडे सोयरीक मोडली की दोन्ही बाजूंनी एकमेकांचं सामान परत करायचं असतं. मध्यस्थाच्या घरी बसून, चार माणसांसमोर. बैठक रविवारी ठरली. बाबा या बाबतीत फार कडक. त्यांनी मोठी पिशवी आणून ओसरीवर ठेवली आणि म्हणाले, "त्यांचं सुतळीबी घरात राहिली न्हाई पायजे."

साडी गेली, अंगठी गेली, पैंजण गेले, मोबाईल गेला. मग बाबांनी पुस्तकाकडे बोट केलं.

मी पुस्तक उचलून छातीशी धरलं. अंगठी काढताना काही झालं नव्हतं आणि पुस्तकाकडे बोट गेल्यावर हे असं. मी म्हटलं, "रविवारपर्यंत राहू द्या. जाताना पिशवीत टाकते."

"झेरॉक्स काढून घेऊ का?" हेही मी विचारून बघितलं.

बाबांनी जरा विचार केला. "झेरॉक्स म्हंजी बी त्यांचंच की," ते म्हणाले.

मोबाईल पिशवीत गेल्यामुळे क्लास बंद. घरात दुसरा फोन बाबांचा, बटणांचा. शिवाय मामाने शिरड शहापूरचं एक स्थळ आणलं होतं आणि मायने त्यांना यायला सांगितलं होतं. शिरड शहापूरला जायला फ्रेंच लागत नाही. म्हणजे रविवारी पुस्तक गेलं की माझं फ्रेंच संपणार, हे सरळ दिसत होतं.

मग मी जे केलं त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. कुठलाही शहाणा माणूस परीक्षेत येणारं पुन्हा घोकून घेईल. मी ते सोडलेलं शेवटचं प्रकरण काढलं आणि घोकायला बसले. क ज पार्लास, क त्यु पार्लास, किल पार्ला. मी बोलावं, तू बोलावंस, त्याने बोलावं. जगात कोणी न बोलणारी ती रूपं मी शेळ्यांपुढे हात हलवत, आवाज चढवून म्हणत होते. पुस्तकात माझं न झालेलं तेवढंच उरलं होतं, आणि ताटात टाकून उठायचं नाही ही आमच्या घरची शिस्त. दुसरं कारण मला तरी सापडत नाही. माय दारात येऊन बघून गेली. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं तिला वाटत असावं. मलाही मधून मधून तसंच वाटत होतं.

रविवारी बाबांच्या मोटारसायकलवर मांडीवर पिशवी घेऊन मी हिंगोलीला गेले. मध्यस्थाच्या बैठकीत सतरंजी टाकली होती. मुलाची आई एक-एक वस्तू काढून बाजूला ठेवत होती. बाई वाईट नव्हती, तिची मान खाली होती. पुस्तक हातात आल्यावर ती थांबली.

"हे आमी काय करू? आमच्यात कोणाला येतंय? राहू द्या पोरीपाशी."

मी हात पुढे केलासुद्धा.

"न्हाई," बाबा म्हणाले. "बराबर समदं घ्या. मागून कोणाला बोलायला जागा नगं."

मध्यस्थाने सगळ्यांना विचारलं, कोणाचं काही राहिलं का. बाबा म्हणाले, "आमच्याकडं तुमचं काहीच न्हाई." मी सतरंजीच्या दोऱ्याशी खेळत बसले. अख्खं पुस्तक तर माझ्या डोक्यात होतं. आपण चोरी करून चाललोय की आपल्याला कोणी लुटलंय, ते मला ठरवता येईना. राग मात्र आला होता, आणि तो सगळा बाबांवर.

परत येताना औंढ्याच्या रस्त्याला बाबांनी चहाला गाडी थांबवली. मी चहाला हात लावला नाही.

"तोंड काहून पाडून बसली?" त्यांनी विचारलं. "त्या पोराचं वाईट वाटून राहिलं का?"

"त्याचं नाही," मी म्हटलं. "ती बाई पुस्तक देत होती. तुम्ही घेऊ दिलं नाही."

"त्यांचं व्हतं ते."

"मग माझ्या डोक्यात आहे त्याचं काय करू? तेही त्यांनीच दिलंय. ते पण पिशवीत घालायचं होतं का?"

मी इतक्या मोठ्याने बोलले की चहावाल्याने मान वर केली. बाबांशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. हिशेबातलं काहीतरी खरंच सुटलंय, असं त्यांना वाटलं असावं.

"किती हाय डोक्यात?"

"सगळं."

"म्हणून दाखव बरं."

मला येणाऱ्या शंभर गोष्टींतून तोंडात आलं ते नेमकं शेवटचं प्रकरण. मी सहाच्या सहा रूपं म्हटली, रागारागाने, एकही न चुकता. बाबा मान एका बाजूला करून ऐकत होते.

"ह्याचा अर्थ काय?"

"बोलावं. मी बोलावं, त्याने बोलावं, सगळ्यांनी बोलावं. असं कोणाला तरी वाटत होतं."

"आन् तिकडं असंच बोलतात?"

"नाही. हे आता कोणीच बोलत नाही. नुसतं पुस्तकात आहे."

"त्यांचं पोरगं बी न्हाई बोलत?"

"त्याला येतही नसेल."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसली.

"मंग हे त्यांचं न्हाई," बाबा म्हणाले. "ते बोलत न्हाईत, त्यांना येत न्हाई, मंग त्यांचं कसं?"

मला हसावं की रडावं कळेना. रडू आलं. सोयरीक मोडल्यापासून न आलेलं सगळं तिथे, चहाच्या टपरीवर आलं. बाबा लांब धरणाच्या बाजूला बघत राहिले. मग त्यांनी माझा गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

"परीक्षा हाय ना त्याची?" गाडीला किक मारताना त्यांनी विचारलं.

"आहे. पण परीक्षेत हे विचारत नाहीत."

"मंग इचारत्यात ते शीक की."

मी गाडीवर बसले नाही. शिरड शहापूरच्या लोकांना यायला सांगितलं होतं, फोन नव्हता, क्लास नव्हता, कॅनडा तर राहिलंच नव्हतं. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही.

"शिकू, पण कोणासाठी?" मी विचारलं.

बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी अवघड विचारलंय असं त्यांना वाटत नव्हतं.

"मला काय इचारती बाई," ते म्हणाले. "तुझं हाय ते."