उन्हानं नेलेली सुमन

कामथडीहून फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. पुतण्या म्हणाला, सुमनकाकू रस्ता ओलांडताना टेम्पोखाली गेली. मी विचारलं, किती वाजता? भर बारा वाजता, तो म्हणाला. सुमनला, माझ्या धाकट्या जावेला, त्या वेळी काही दिसायचंच नाही.

उलटीच तऱ्हा तिची. उन्हात डोळे मिटून, पदर पुढं ओढून चालायची. दिवस मावळला की मात्र आमच्या गुंजवण्याच्या बांधावरनं सरसर निघायची नि आम्ही मागं ठेचकाळायचो. "आक्का, पदर धरा माझा. आता तुमी आंधळ्या," म्हणायची. रंग तिला ठाऊकच नव्हते. हळदीकुंकवाला करंडा हाती आला की आधी वास घ्यायची, हळद वासावरनं कळते ना. बायका विचारायच्या, भाजीला फोडणी द्यायचीय का गं?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूसारख्या असतात त्या रंग ओळखतात, उन्हात काम करतात. काठीसारख्या असतात त्यांना मिणमिणता उजेडही पुरतो. पण रंग कळत नाही नि लख्ख उन्हात त्या दिपून जातात. सुमनचे शंकू जन्मापासून निकामी. तिनं सगळा संसार त्या काठ्यांवर रेटला. औषध नाही म्हणाल्या, गडद तांबडा चष्मा दिला. तो लावून ती दारात आली, उन्हात डोळे उघडून माझ्याकडं बघत राहिली.

"आक्का, तुमी लई म्हाताऱ्या झालाय वो."

इतक्या वर्षांत भर दुपारी तिनं माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्या चष्म्याच्या जोरावर एकटी कामथडीच्या लग्नाला गेली. मांडवात नवरीची मावशी म्हणाली, आली बघा शिनेमातली बया. सगळे हसले. सुमनही हसली म्हणे... नि चष्मा काढून ठेवला. तसाच तो बटव्यात सापडला, रुमालात गुंडाळलेला. साधा ओरखडा नाही. मावशी येऊन माझ्या गळ्यात पडून रडली.

सुमनच्या खोलीच्या खिडकीला तिनं लावलेलं गोणपाट आहे. दीर म्हणतात, राहू दे. दुपारी उन्हातनं मी तिथं जाऊन बसते. आधी नुसता काळोख. काठ्यांना जागं व्हायला वेळ लागतो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी थांबते. मग हळूहळू खुंटी दिसते, दोरीवरचं लुगडं दिसतं, रंग कळत नाही...

तेवढंच. आणखी थांबलं तरी तेवढंच.